छपाईची स्क्रीन धुवा, पण विहीर सांभाळा

हळद, गूळ, डाळ किंवा गांडूळखत पिशवीत भरून विकायचे, तर पिशवीवर नाव हवे. म्हणून बचत गटातील भगिनी आणि गावातली तरुण मुले स्क्रीन छपाईकडे वळतात. जोडधंदा चांगला आहे. भांडवल थोडे लागते, जागा पडवीएवढी पुरते. मात्र यातले एक काम पाण्याचे आहे. तिथे हयगय झाली तर नुकसान पिशवीपुरते राहत नाही.

चौकटीवर ताणलेल्या जाळीला इमल्शनचा लेप देतात. तो अंधारात वाळवून त्यावर मजकुराची पॉझिटिव्ह ठेवतात व उजेड दाखवतात. उजेड लागला तिथला लेप पक्का होतो, काळ्या अक्षरांखालचा कच्चा राहतो. हा कच्चा लेप पाण्याने काढला की अक्षरे मोकळी होतात आणि तिथून शाई उतरते.

धुण्याची रीत सोपी आहे. उजेड दाखवून झाल्यावर धुऊन होईपर्यंत स्क्रीन उन्हात आणू नये. साध्या पाण्याने दोन्ही बाजू भिजवून अर्धा-एक मिनिट थांबावे. मग हलक्या फवाऱ्याने अक्षरे मोकळी करावीत. नखाने खरवडू नये. स्क्रीन उजेडाकडे धरून पाहावी. अक्षरात पातळ पापुद्रा राहिला असेल तर पुन्हा धुवावे, नाहीतर शाई अडते. सगळाच लेप सुटून आला तर बहुधा उजेड कमी पडला, अक्षर निघतच नसेल तर जास्त झाला, असे समजावे.

आता मुख्य मुद्दा. स्वस्त पडते म्हणून काही जण लेपात अमोनियम बायक्रोमेटचे नारंगी दाणे मिसळतात. त्यातले क्रोमियम विषारी आहे. कातडीवर चट्टे व व्रण उठतात, भुकटी श्वासावाटे जात राहिली तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका असतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्रोमियम नसावे. एक ग्रॅम बायक्रोमेटमध्ये ते सुमारे ४०० मिलिग्रॅम असते. हिशेब करून पाहा. चिमूटभर दाणे आठ हजार लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेतात! स्क्रीन धुताना हेच दाणे पाण्याबरोबर वाहून जातात.

त्यामुळे पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) दुकानात डायझो इमल्शन मागावे. त्यात बायक्रोमेट नसते. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

२) कोणतीही स्क्रीन विहिरीच्या काठावर, हातपंपाजवळ, ओढ्यात किंवा गुरांच्या हौदाशी धुऊ नये.

३) बायक्रोमेटचे पाणी परसबागेला, शेताला किंवा शोषखड्ड्यात सोडू नये. झाकणाच्या पिंपात साठवून पिंपावर ‘विष’ असे लिहावे. विल्हेवाटीबद्दल महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात विचारावे.

४) हातात रबरी मोजे असावेत, लहान मुले लांब असावीत.

५) औषध फवारणीचा पंप स्क्रीन धुवायला घेऊ नये. आज तो इथे आणि उद्या भाजीच्या वाफ्यात, असे व्हायला नको.

सरपंच व ग्रामपंचायत सदस्यांनाही विनंती आहे. गावात असा धंदा सुरू होत असेल तर जरूर उत्तेजन द्या, पण धुण्याचे पाणी कुठे जाणार, हे आधी विचारा. पिशवी बिघडली तर दुसरी छापता येते. पिण्याची विहीर बिघडली तर सगळ्या गावाला पाण्यासाठी वणवण करावी लागते.