विमानाच्या पंखाकडून रक्तवाहिनीकडे

हमालाचे खांदे दणकट होतात आणि महिनाभर प्लॅस्टरमध्ये राहिलेला पाय बारीक होतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पडणाऱ्या भाराप्रमाणे शरीर स्वतःला घडवते. या घडणीचे गणित मांडणारे शास्त्रज्ञ डॉ. युआन-चेंग फंग यांची ओळख आम्ही वाचकांना करून देत आहोत.

फंग यांचा जन्म १९१९ सालचा, चीनमधला. १९४८ साली अमेरिकेतील कॅलटेक संस्थेत ते डॉक्टर झाले. विषय विमानाचा! पुढे ते जर्मनीत असताना चीनमध्ये त्यांच्या आईला काचबिंदू झाला. आईच्या डॉक्टरांना उपयोग व्हावा म्हणून त्या रोगावरील नवे लेख ते चिनी भाषेत उतरवून पाठवू लागले. वाचता वाचता शरीरशास्त्राची गोडी लागली. १९६६ साली विमाने सोडून ते सॅन दिएगोच्या विद्यापीठात हाच विषय घेऊन बसले.

धमनीची चकती एका बाजूने कापली, तर ती आपोआप उघडते. म्हणजे रक्ताचा दाब नसतानाही तिच्या भिंतीत ताण दडलेला असतो. रक्तदाब वाढला, की भिंत जाड होते आणि हा ताणही बदलतो, हे फंग यांनी प्रयोगाने दाखवले. नव्या ऊती घडवणाऱ्या आजच्या शास्त्राला अशाच अभ्यासाचा आधार आहे. २०१९ साली, शंभरी गाठून ते गेले.

वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही. धमनी मात्र आतून बदलत असते. म्हणून घरातील कष्टकरी माणसांचा रक्तदाब वेळोवेळी तपासून घ्यावा. आणि गणितात रमणाऱ्या मुला-मुलींना ही वाटही दाखवावी.