मागून येणारी टकटक

२००४ सालच्या उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी मी आईला घेऊन जळगावहून धुळ्याला जात असे. तिला मणक्याचे दुखणे होते आणि औषधोपचार धुळ्याला चालू होते. अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. बांभोरीला गिरणेचा पूल ओलांडला की पाळधी, मग एरंडोल, पारोळा, फागणे आणि धुळे. तेव्हा हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता आणि दुपदरी होता. आता त्याचा क्रमांक ५३ झाला आहे आणि बराचसा रस्ता चौपदरीही झाला आहे. त्या वेळी मात्र समोरून ट्रक आला की डावे चाक साइडपट्टीवर उतरवावे लागे. उतरवले की मागून आवाज यायचा, टक. वर चढवले की पुन्हा टक. आई काही बोलत नसे, पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरून बसे.

गाडी म्हणजे मारुती व्हॅन, पुढे जिला ओम्नी म्हणू लागले ती. सेकंडहँड घेतलेली. मी ती एका गॅरेजात दाखवली. त्यांनी मागचे दोन्ही शॉकॉब्सर गेले असे सांगितले आणि नवे बसवून दिले. मजुरी धरून अडीच हजार रुपये झाले. शाळामास्तरच्या पगारात ती रक्कम लहान नव्हती. आवाज गेला, आणि चार महिन्यांनी परत आला. या वेळी तेच गॅरेजवाले म्हणाले, आता पाटे उतरवावे लागतील.

पाट्यांचा खर्च करण्याआधी एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी मला अजिंठा चौफुलीजवळच्या एका वयस्कर मिस्तरींकडे पाठवले. त्यांनी पहिल्यांदा गाडीखाली न जाता मागचा दरवाजा उघडला आणि जॅक, टॉमी, स्टेपनी, पाण्याचा कॅन असे सगळे बाहेर काढून ठेवले. मग म्हणाले, एक चक्कर मारून या. आवाज तसाच होता. नंतर कळले की निम्म्या गाड्यांचा आवाज त्यांच्याकडे इथेच बंद होतो. सैल पडलेला जॅक शॉकॉब्सरपेक्षा जास्त वाजतो.

मग ते गाडीखाली गेले, शॉकॉब्सर मुठीत धरून हलवला आणि अहिराणीत म्हणाले, "भाऊ, रबर खपी गयं."

शॉकॉब्सर करतो काय, हे आधी सांगायला हवे. गाडीचे वजन तो पेलत नाही. वजन पेलतात पाटे किंवा स्प्रिंगा. पण स्प्रिंग एकदा दबली की खालीवर झुलत राहते, आणि ते झुलणे थांबवणे हे शॉकॉब्सरचे काम. त्याच्या नळकांड्यात तेल असते, ते बारीक छिद्रांतून इकडून तिकडे ढकलले जाते आणि झुलण्यातली शक्ती उष्णता होऊन निघून जाते. या नळकांड्याचे एक टोक चाकाच्या आसाला आणि दुसरे गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. जोडणीच्या ठिकाणी एक गोल कडी असते, कडीत रबर, रबराच्या मध्ये लोखंडी नळी आणि नळीतून आरपार बोल्ट. हे रबर आणि नळी मिळून जे होते तो बुश. काही गाड्यांत वरच्या टोकाला कडीऐवजी दांडा असतो आणि त्याच्यावर रबराच्या चकत्या बसवलेल्या असतात. काम तेच.

बैलगाडीच्या कण्याला वंगण दिले नाही तर ती वाटभर कुरकुरते, हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. पूर्वीच्या मोटारींतही अशा सांध्यांत पितळी बुश असत आणि त्यांना वेळोवेळी ग्रीस द्यावे लागे. रबराच्या बुशला वंगण लागत नाही, कारण त्यात काही घासतच नाही. नळी बोल्टने आवळलेली, रबराची बाहेरची बाजू कडीला चिकटलेली. आस वर गेला की रबर पिळले जाते, खाली आला की पीळ सुटतो. ओला कपडा दोन हातांत धरून थोडासा पिळावा आणि सोडावा, तसे. रबर फाटले किंवा झिजून सैल झाले की नळी कडीत मोकळी होते, आणि चाकाने दिशा बदलली की लोखंड लोखंडावर आपटते. आमची टकटक ती हीच.

म्हणून हा आवाज मोठ्या खड्ड्यापेक्षा बारीक खडबडीत रस्त्यावर, कमी वेगात जास्त ऐकू येतो. गाडीचा मागचा भाग दाबून सोडला आणि ती दोनतीनदा झुलली तर शॉकॉब्सर कमजोर आहे, ही परीक्षा बहुतेकांना माहीत असते. पण बुश गेला आहे का, हे तिच्यावरून कळत नाही. त्यासाठी गाडी थांबवून, इंजिन बंद करून, एकाने मागचा भाग हलवायचा आणि दुसऱ्याने बाहेरून हात घालून कडीवर बोटे ठेवायची. बुश सैल असेल तर ठोका बोटांना लागतो. नजरेलाही दिसते. नळी कडीच्या मधोमध नसते, एका बाजूला सरकलेली असते, रबराला भेगा असतात, कधी त्याचा काळा भुसा पडलेला असतो. शॉकॉब्सरच्या अंगावर तेल ओघळलेले असेल तर मात्र तो गेलाच. तिथे नुसता बुश बदलून भागत नाही.

आपल्या खानदेशात या रबराचे आयुष्य कमी का, याची कारणे पायाखाली आणि डोक्यावर आहेत. काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. तिच्यावरचा रस्ता कितीही चांगला केला, तरी खालून वरखाली होत राहतो. चोपड्याकडे, रावेरकडे केळीच्या पट्ट्यात गाडी चालवणाऱ्याला ही लाट ओळखीची असते. त्यात मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, डांबर त्याहून तापते, आणि उष्णतेने रबर कडक होऊन तडकते. या दोन गोष्टी आपल्या हातात नाहीत. तिसरी आहे. गाडी धुतल्यावर खालून डिझेल किंवा जुन्या ऑइलचा फवारा मारायची आपल्याकडे पद्धत. पत्रा गंजू नये म्हणून मारतात, आणि कुरकुर दोन दिवस थांबते म्हणून गिऱ्हाईकही खूश. पण नैसर्गिक रबर तेलात फुगते आणि मऊ पडते. माझ्या गाडीचा बुश मिस्तरींनी काढून हातावर ठेवला तेव्हा तो बोटाने दाबला तर दबत होता आणि बोट काळे होत होते. हा फवारा मी हौसेने दोनदा मारून घेतला होता.

आता काम कसे करतात ते सांगतो. स्वतः करा असा आग्रह नाही, पण समोर उभे राहून काय पाहायचे ते कळावे. गाडी सपाट आणि टणक जागी हवी, शेतात किंवा मुरमावर नको. हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडाची उटी. जॅकने गाडी उचलल्यावर सांगाड्याखाली स्टँड लावल्याशिवाय कोणी आत जाऊ नये. मिस्तरींच्या हाताखालच्या पोराची दोन बोटे अशीच, जॅक घसरून गेली होती. तो पोरगा मला त्यांनी मुद्दाम दाखवला. आसालाही वेगळा आधार द्यावा लागतो, कारण पुष्कळ गाड्यांत आस खाली लोंबण्यापासून शॉकॉब्सरनेच धरलेला असतो. बोल्ट काढला की आस खाली येतो आणि ब्रेकच्या नळीवर ताण बसतो. आणखी एक. काही गाड्यांत स्प्रिंग शॉकॉब्सरच्या भोवतीच गुंडाळलेली असते. तिथे वरचा नट घरी सोडायचा नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जागेवर जायबंदी होतो.

बोल्ट गंजलेला असतो, त्याला आदल्या रात्री थोडे तेल लावून ठेवायचे आणि सोडवताना रिंग पाना वापरायचा. जुना बुश कडीतून काढायला आणि नवा बसवायला हातोडा मारू नये, कडी वाकडी होते. वाइसमध्ये धरून दाबावा किंवा लेथवाल्याकडच्या प्रेसवर दाबून घ्यावा. कडी आतून पॉलिश पेपरने घासून गंज काढायचा. नवा बुश सरकत नसेल तर साबणाचे पाणी लावायचे, ग्रीस नाही. बोल्टवर खाचा पडल्या असतील तर बोल्टही नवा. ज्या भोकात बोल्ट बसतो ते लांबट झाले असेल तर आधी ते दुरुस्त करायचे, नाहीतर नवे रबरही वाजणारच. आणि दोन्ही बाजूंचे बुश एकदम बदलावेत. सध्या पॉलियुरेथेनचे बुशही मिळतात. ते टिकतात जास्त, पण कडक असल्यामुळे रस्त्याची थरथर आत आणतात. मणक्याचे दुखणे असलेल्या माणसाच्या गाडीत मी ते घालणार नाही.

हे सगळे झाल्यावर मिस्तरींनी नट हातानेच लावले आणि गाडी जॅकवरून खाली घेतली. मला वाटले, विसरले. मी म्हणालो, "मिस्तरी, नट आवळायचे राहिले." ते हसले. मला आणि माझ्याबरोबर आलेल्या दोघांना मागे बसवले, गाडी चारपाच वेळा दाबून सोडली, आणि मग आडवे होऊन, बाहेरूनच हात घालून नट आवळले. कारण विचारले तर म्हणाले, "मास्तर, लटकत्या गाडीत आवळलं तर रबराला जन्माचा पीळ बसतो."

मी पंचवीस वर्षे विज्ञान शिकवत होतो, पण हे मला सुचले नव्हते. गाडी उचललेली असताना आस खाली लोंबतो आणि शॉकॉब्सरचा कोन बदललेला असतो. त्या अवस्थेत नट आवळला तर रबर तिथेच पकडले जाते. गाडी जमिनीवर आली, वजन बसले, की कोन बदलतो आणि रबर उभ्या गाडीतही पिळलेले राहते. वर प्रत्येक खड्ड्याला आणखी पीळ. ते लवकर फाटते यात नवल नाही. पाट्यांच्या बुशला ही गोष्ट अधिकच लागू पडते. माझे आधीचे नवे बुश फक्त याच कारणाने चार महिन्यांत गेले असे मी म्हणणार नाही. ऑइलचा फवाराही होता आणि रस्ताही होता. पण अडीच हजारांचे शॉकॉब्सर शाबूत होते, हे मिस्तरींनी ते हाताने दाबून-ओढून मला दाखवले. या खेपेला चारही बुश आणि दोन बोल्ट मिळून दोनशे रुपये झाले नाहीत. मजुरी त्यांनी पन्नास रुपये मागितली.

गॅरेजात गाडी दिली की तुम्हीही एवढेच विचारा, "नट गाडी खाली घेऊन आवळणार ना?" कुठल्या कंपनीचा माल, किती गॅरंटी, हे नंतर विचारले तरी चालते.

पुढच्या फेरीला आई पारोळ्यापर्यंत झोपली होती. मिस्तरींनी बजावले होते की शंभरेक किलोमीटरनंतर नट एकदा तपासा, नवे रबर बसते तसे ते थोडे सैल होतात. धुळ्याला आईला आत बसवून मी दवाखान्याच्या आवारातच पाना घेऊन गाडीमागे आडवा झालो. चौकीदार येऊन विचारू लागला, काय झाले म्हणून. डाव्या बाजूचा खालचा नट पाव फेरा आणखी फिरला. बाकीचे घट्ट होते.