गुरुवारचा बाजार आणि सहाची मीटिंग



एरवी मी तुमच्याशी बियाणे, खते आणि फवारणी यांवर बोलतो. आजचा विषय माझ्या खात्याचा नाही, पण तुमच्या शिवारातलाच आहे.

दोन वर्षांपूर्वी एक भगिनी माझ्या कचेरीत आल्या. त्यांच्या यजमानांचा उसाचा प्लॉट मी इतरांना नमुना म्हणून दाखवीत असे. मी माती परीक्षणाचा कागद काढू लागलो, तशा त्या म्हणाल्या, "कागद राहू द्या साहेब. कालवणात मिसळायचं दारू सोडवायचं औषध मिळतं म्हणं. ते कुठं मिळंल तेवढं सांगा." उसाचे बिल बँकेत जमा झाले आणि आठवड्यात संपले होते. थोरलीची फी थकली होती. दहा वर्षे मी त्या बांधावर जात होतो. सकाळी नऊला यजमानांच्या तोंडाला वास येतो हे मला कळत होते. आपण पाचट कुजवायला सांगावे आणि निघावे, असे म्हणून मी गप्प राहिलो होतो.

ते औषध मी त्यांना सांगितले नाही, तुम्हांलाही सांगणार नाही. चोरून काहीही घालू नका. डायसल्फिराम नावाची गोळी असते. ती पोटात असताना माणूस प्याला तर छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. प्राणावरही बेतू शकते. ती डॉक्टरांनी, घेणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची असते. आणि रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून एकदम बंद करणे हेही तितकेच वाईट. पहिल्या दोन-चार दिवसांत हात थरथरतात, फिट येते, नाही ते दिसू लागते. वारे आले म्हणून देवर्षीकडे नेऊ नका, दवाखाना गाठा. आम्ही तेच केले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "औषधाने अंगातली दारू गेली. आता मीटिंगला न्या."

ही मीटिंग म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, लोक नुसते 'एए' म्हणतात. अमेरिकेत ॲक्रन गावी १९३५ साली बिल नावाचा शेअरबाजारातला माणूस आणि बॉब नावाचा डॉक्टर, दोघेही दारूने बुडालेले, एकमेकांशी बोलता बोलता सावरले; त्यातून हे निघाले. आपल्याकडे मुंबईत १९५७ साली सुरुवात झाली. ठिकाण शोधायचे तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात विचारा, नाहीतर सरकारच्या १४४४६ या मोफत क्रमांकावर फोन करा. पुण्याचे मुक्तांगण केंद्र डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली काढले, तेथेही उपचारानंतरच्या सभा चालतात. एएची सभा पुष्कळदा शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या खोलीत भरते. चर्च बघून बिचकू नका, जागा मिळते म्हणून तेथे भरते. कोणी धर्म विचारीत नाही.

गावात बोभाटा नको म्हणून आम्ही शेजारच्या तालुक्याचे ठिकाण धरले. मोटरसायकलवरून उतरल्यावर ते म्हणाले, "साहेब, आत वळखीचं कुणी निघालं तर?" निघालेच! आमच्याच भागातले, रोज व्यवहार असणारे गृहस्थ. (त्यांचा धंदा मी येथे सांगणार नाही. आत कोण दिसले हे बाहेर बोलायचे नाही, हा तेथला पहिला नेम.) त्यांनी काही न बोलता शेजारची खुर्ची पुढे सरकवली.

सभा खुली असेल तर घरचे किंवा माझ्यासारखे सोबती बसू शकतात. बंद सभा फक्त पिणाऱ्यांची. नुसते पाळण्यातले नाव सांगायचे, मी दारुडा आहे म्हणायचे आणि स्वतःचे घडले ते बोलायचे. पहिल्या दिवशी गप्प बसले तरी चालते. तासभरात कोणी कोणाला उपदेश केला नाही; आम्हां विस्तारवाल्यांना हे जन्मात जमणार नाही. फी नाही. शेवटी पिशवी फिरते, ज्याला जमेल त्याने दहा-वीस टाकावेत. दारू जन्मभर सोड असे म्हणत नाहीत, आजचा दिवस नको म्हणतात.

परतताना यजमान म्हणाले, "नुसतीच बडबड की!" तरी पुढच्या गुरुवारी स्वतःच चप्पल घालून उभे होते. चार महिने बरे गेले. मग जत्रेत घसरले, आणि लाजेने जाणेच सोडले. तिसऱ्या आठवड्यात मीटिंगमधले दोघे वस्तीवर आले, चहा प्याले, जत्रेचा शब्दही काढला नाही. जाताना एवढेच म्हणाले, "गुरुवारी खुर्ची ठेवतो." पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू झाली.

वहिनींसाठी घरच्यांची वेगळी सभा असते, तिला अल-अनॉन म्हणतात. नवरा जावो न जावो, बाईने जावे. वहिनींनी तेथे जायला लागल्यापासून गुत्त्याची उधारी भरणे बंद केले. त्यावरून घरात दोन दिवस चूल पेटली नाही, पण त्या हटल्या नाहीत.

आता गुरुवारी बाजारात भाजीचे क्रेट उतरवून ते सहाला मीटिंगला बसतात. शेवटची एसटी सातला सुटते, त्यामुळे त्यांना अर्ध्यातून उठावे लागे. गेल्या महिन्यापासून तेथल्या लोकांनी सभेची वेळ साडेपाच केली आहे.