अंगणातला वसंत टिपताना

चंद्रपूर : फाल्गुन लागला की चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात पळस फुलतो आणि हौशी छायाचित्रकारांची पावले जंगलाकडे वळतात. फुलांसाठी एवढे दूर जाण्याची गरज मात्र नाही. या दोन जिल्ह्यांत तर ते जिवावर बेतू शकते. एकदांडी किंवा भुईरिंगणीसारखे इवलेसे फूल टिपायचे तर गुडघे टेकून, वाकून बराच वेळ स्तब्ध राहावे लागते. वाकलेला माणूस वाघाला चौपायी भक्ष्यासारखा भासू शकतो, असे वन्यजीव अभ्यासक सांगत आले आहेत. मोहफुले वेचणाऱ्या, तेंदूपाने तोडणाऱ्या ग्रामस्थांवर उन्हाळ्यात हल्ले होतात ते याच अवस्थेत. ते पोटासाठी रानात जातात. छायाचित्रकाराला तशी निकड नसते. शहराची वेसही निर्धोक नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला होता.

त्या मानाने घराचे अंगण सुरक्षित आणि समृद्धही आहे. आंब्याचा मोहोरच घ्या. एका तुऱ्यावर शेकडो फुले असतात आणि प्रत्येक फूल जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचे. भिंगातून पाहिल्यावर त्यांतील भेद कळतो. काही फुले केवळ नर, तर काहींच्या मध्यभागी हिरवट-पिवळा गोलसर बीजकोश. आंबा धरतो तो या दुसऱ्या फुलांनाच. कडुनिंबाच्या पांढऱ्या फुलात पाच पाकळ्यांच्या मधोमध पुंकेसरांची नळी उभी असते. गुढीसाठी डहाळी तोडणाऱ्या कित्येकांनी ती पाहिलेलीही नसते. कुंपणाकडेची एकदांडी तर मुळात एक फूल नव्हेच, ते अनेक सूक्ष्म फुलांचे स्तबक आहे.

अडचण असते ती स्पष्टतेच्या खोलीची. फुलाची प्रतिमा त्याच्या मूळ आकाराएवढी घेताना छिद्र एफ/११ पर्यंत लहान केले, तरी जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटरचाच भाग रेखीव उमटतो. म्हणून कॅमेरा फुलाच्या पृष्ठभागाला समांतर धरावा. छिद्र लहान केल्याने प्रकाश घटतो, शटर जास्त वेळ उघडे राहते आणि वाऱ्याची झुळूक सारे पुसट करते. सूर्योदयानंतरचा पहिला तास त्यासाठी उत्तम. हवा पडलेली असते, ऊनही कोवळे असते. नंतर पांढऱ्या पाकळ्यांवरील रेषा उन्हात नाहीशा होतात. तेव्हा पांढऱ्या पातळ कापडाची सावली धरावी आणि प्रकाशमान किंचित कमी ठेवावे. मोबाइलधारकांनी फार जवळ न जाता थोड्या अंतरावरून चित्र घेऊन नंतर कापलेले बरे.

मोहाची तऱ्हा वेगळी. त्याची फुले रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. अंगणात किंवा बांधावर मोह असेल, तर रात्री झाडाखाली स्वच्छ चादर अंथरावी. सकाळी पडलेली टपोरी, रसाळ फुले खिडकीच्या उजेडात निवांत टिपता येतात.