गुडघा नुसता झिजत नाही

पन्नाशीनंतर गुडघा दुखू लागला की घरोघरी ठरलेलं निदान होतं: वंगण संपलं, गादी झिजली. हाडं आणि कूर्चा यांतल्या एन्झाइम्सवरचं संशोधन मात्र वेगळं सांगतं. सांधा जिवंत असतो आणि त्यातली मोडतोड पेशींना मिळणाऱ्या संदेशांवर चालते.

गैरसमज : हाड म्हणजे निर्जीव खांब.
वस्तुस्थिती : प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दरवर्षी नव्याने घडतो. ऑस्टिओक्लास्ट ही पेशी हाडाला घट्ट चिकटते, आम्ल सोडून खनिज विरघळवते. मग कॅथेप्सिन-के हे एन्झाइम उघडे पडलेले कोलॅजनचे धागे कापतं. या खोदकामात हाडात साठलेले संदेशक रेणू मोकळे होतात आणि हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात.

गैरसमज : कूर्चा घासून झिजते, म्हणून चालणंच कमी करावं.
वस्तुस्थिती : कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. सांध्यावर दाब पडतो आणि सुटतो, तेव्हा तिच्यातलं पाणी आत-बाहेर होतं आणि पेशींना पोषण मिळायला मदत होते. दुखापत किंवा दाह झाला, की इंटरल्यूकिन-१ सारखे संदेश कूर्चेतल्या पेशींपर्यंत पोचतात आणि त्या पेशी स्वतःच कूर्चा तोडणारी एन्झाइम्स बनवू लागतात. २००५ साली ‘नेचर’मध्ये दोन संशोधकगटांनी दाखवलं की अ‍ॅडॅम्ट्स-५ हे एन्झाइम निकामी केलेल्या उंदरांची कूर्चा बऱ्याच अंशी शाबूत राहते.

गैरसमज : मग एन्झाइम बंद पाडणारी गोळी घेतली की झालं.
वस्तुस्थिती : कॅथेप्सिन-के जन्मतःच काम करत नसेल, तर पिक्नोडायसोस्टोसिस हा दुर्मीळ आजार होतो. त्यात हाडं दाट असतात, तरी सहज मोडतात आणि उंची खुंटते. हेच एन्झाइम रोखणाऱ्या ओडानाकॅटिब या औषधाने अस्थिभंग कमी झाले, पण पक्षाघाताचा धोका वाढल्याचं दिसलं. २०१६ मध्ये कंपनीने ते सोडून दिलं. एकच एन्झाइम शरीरात अनेक ठिकाणी कामाला असतं.

गैरसमज : अशा संशोधनात राबणारे पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतर आणखी एक पदवी घेणारे विद्यार्थी.
वस्तुस्थिती : पोस्टडॉक ही पदवी नाही, ठरावीक मुदतीचं संशोधनाचं काम आहे. कोणत्या संदेशामुळे कोणतं एन्झाइम जागं होतं, कुठे ते हवं आणि कुठे नको, हे पेशींवर आणि उंदरांवर तपासण्याची बरीचशी प्रत्यक्ष मेहनत या तरुण संशोधकांची असते. नेमकं औषध घडायचं तर हे जाळं आधी उलगडायला हवं.

झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारं सिद्ध औषध आज बाजारात नाही. तसा दावा करणाऱ्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. वजन आटोक्यात ठेवा, मांडीचे स्नायू बळकट करा, झेपेल तेवढं चालत राहा. गुडघा सुजला किंवा धरला, तर वयाला दोष देत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.