सीएनसीचे पुस्तक छापण्यापूर्वी कारागिरांना दाखवा

अंबरनाथ एमआयडीसीत आणि बदलापूरच्या बाजूला अनेक लहान वर्कशॉपमध्ये आता साध्या लेथशेजारी सीएनसी मशीन बसलेले दिसते. हे मशीन हँडलने नव्हे, प्रोग्रॅमने चालते. प्रोग्रॅमिंग शिकवणारी पुस्तके मात्र बहुतेक इंग्रजीत आहेत. म्हणून एखादा अनुभवी कारागीर आपल्या वहीतील नोंदींचे मराठी पुस्तक स्वखर्चाने काढू म्हणत असेल, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण आमचे सांगणे एवढेच की, छापखान्यात जाण्यापूर्वी ते पुस्तक मशीनवरील माणसांना वाचायला द्यावे.

कथेच्या पुस्तकात एक टिंब गळाले तर वाचक सांभाळून घेतो. मशीन सांभाळून घेत नाही. फॅनुक कंट्रोलच्या अनेक मशीनवर 'एक्स ५०.०' म्हणजे ५० मिलिमीटर. दशांशाचे टिंब गळून 'एक्स ५०' राहिले, तर तेच मशीन ०.०५ मिलिमीटर समजते. त्या ओळीत जी ००, म्हणजे जलद चाल असेल, तर टूल थेट जॉबवर आदळते. इन्सर्ट तुटतो, जॉब चकमधून सुटतो आणि माणसालाही इजा होऊ शकते.

दुसरा धोका कंट्रोलचा. फॅनुकच्या लेथवर जी ७१ म्हणजे रफ टर्निंगची सायकल. सीमेन्सवर जी ७१ म्हणजे मापे मिलिमीटरमध्ये. म्हणून प्रत्येक प्रोग्रॅमखाली कोणते मशीन व कोणता कंट्रोल, हे लिहिलेच पाहिजे. तिसरा धोका टायपिंगचा. फॅनुकमध्ये प्रोग्रॅमचा नंबर इंग्रजी 'ओ' अक्षराने सुरू होतो. डीटीपी करणारा तेथे सहज शून्य टाकतो.

यावर उपाय स्वस्त आहे. रुंद समास सोडून वीस-पंचवीस झेरॉक्स प्रती काढाव्यात आणि स्पायरल बाइंडिंग करून वाटाव्यात. एक प्रत ऑपरेटरला, एक सेटरला, एक वर्कशॉपच्या मालकाला, एक आयटीआयच्या शिक्षकाला आणि एक नवशिक्या मुलाला द्यावी. "पुस्तक कसे वाटले?" असे विचारू नये, सगळे "छान" म्हणतील. विचारावे ते असे: कोठे अडलात? कोणता शब्द आपल्या शॉपमध्ये चालत नाही? कोणता प्रोग्रॅम मशीनवर तपासला? तपासणी आधी स्क्रीनवरील ग्राफिकवर, मग जॉब न लावता ड्राय रनने आणि शेवटी सिंगल ब्लॉकने, एकेक ओळ चालवून करावी. चक, ऑफसेट, फेसिंग हे शब्द तसेच ठेवावेत. त्यांचे अवघड भाषांतर कोणी वापरत नाही.

मोठे लेखकही हेच करतात. अमेरिकेतील रॉबर्ट नायस्ट्रॉम यांनी 'गेम प्रोग्रॅमिंग पॅटर्न्स' हे पुस्तक २०१४ मध्ये स्वतः प्रकाशित केले. त्यापूर्वी त्यांनी त्याची प्रकरणे वाचकांपुढे ठेवून सूचना घेतल्या होत्या. डोनाल्ड कनूथ हे आपल्या पुस्तकातील चूक प्रथम दाखवणाऱ्यास २.५६ डॉलरचा चेक पाठवत. २००८ पासून चेकऐवजी प्रमाणपत्र देतात. चूक दाखवणारा हा शत्रू नव्हे, हा त्यातील धडा.

ज्यांनी चुका काढल्या त्यांची नावे, त्यांची परवानगी घेऊन, पुस्तकात छापावीत. मजुरी न घेता दिलेल्या वेळेची तेवढी तरी कदर व्हावी. मशीन कंपनीच्या मॅन्युअलमधील पाने मात्र उचलू नयेत. कॉपीराइट कायदा १९५७ तेथे आड येतो. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून ३० दिवसांच्या आत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि ठरलेली इतर ग्रंथालये यांना प्रती पाठवाव्या लागतात. स्वतःच प्रकाशक असणाऱ्यावरही ही जबाबदारी येते.

वर्कशॉप चालवणाऱ्या बांधवांना विनंती आहे. असा कारागीर कच्ची प्रत घेऊन दारात आला, तर त्याला तासभर मशीन द्या आणि समासात पेन्सिलीने बिनधास्त खुणा करा. वहीत सापडलेली चूक खोडरबराने जाते. छापून गेलेली चूक कोणाच्या तरी मशीनवर फुटते.