सलूनमधील जोडविक्री

सलून किंवा पार्लर चालविणाऱ्याची कमाई हात चालतो तोवरच. खुर्ची रिकामी राहिली की गल्लाही रिकामा. म्हणून शाम्पू, तेल, दाढीचे क्रीम, मेंदी यांच्या विक्रीची जोड द्यावी.

हिशेब सोपा आहे. 150 रुपयांची बाटली 200 रुपये या छापील किमतीस विकली तर 50 रुपये सुटतात. रोज दोन खपल्या तर 26 दिवसांत 2,600 रुपये होतात.

सुरुवातीस चार-पाचच वस्तू ठेवाव्यात. ज्या आपण गिऱ्हाइकावर वापरतो, त्याच विकाव्यात. डोक्यात कोंडा दिसला तर कोणता शाम्पू, आठवड्यातून किती वेळा, हे समजावून सांगावे; आग्रह करू नये. माल आरशाजवळ, किंमत दिसेल असा मांडावा.

केसांच्या रंगाबाबत विशेष जपावे. अनेक रंगांत आणि ‘काळ्या मेंदी’त पीपीडी हे रसायन असते. काहींना त्याने खाज सुटते, चेहरा सुजतो. कानामागे थोडा रंग लावून 48 तास पाहावे, मगच वापरावा, असे गिऱ्हाइकास बजावावे. भुवयांना तो लावू नये.

माल पक्क्या बिलाने घ्यावा. वेष्टनावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना व बॅच क्रमांक, मुदत आणि किंमत पाहावी. छापील किमतीपेक्षा जास्त घेणे बेकायदा आहे. बिनछापाचा माल स्वस्त पडतो. पण त्याने एकाचा चेहरा सुजला, तर दहा वर्षांचे गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते.